सहावी-सातवीच्या वर्गात नाटक कसं शिकवायचं? (सोलापूर)

सातवी_ब

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात, पूर्व भागातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. माझे विषय मराठी आणि इतिहास. यंदा कलेच्या तासिकांमधली आठवड्याला एक तासिका नाटकाला द्यायची असं ठरलं आणि सहावी-सातवीचे वर्ग माझ्याकडे आले. तासिका ३५ मिनिटांची. वर्गात पन्नासच्या वर मुलं, जड लोखंडी बाकं, बाकांच्या मधून एक माणूस कसाबसा जाईल एवढी वाट. हॉल नाही. मैदानावर कायम कुणाचा ना कुणाचा पी.टी.चा तास असतो.

माझ्या अडचणी सांगते. निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड. मधल्या सुट्टीत ही मुलं एवढी बोलतात की कान किटतात, पण "पुढे येऊन बोल" म्हटलं की खाली मान. मुलगे आणि मुली शेजारी उभं राहायलाही तयार नाहीत. शिवाय मुख्याध्यापकांना या तासातून स्नेहसंमेलनाचं नाटक बसून हवं आहे.

मी कॉलेजात एकांकिकेत काम केलंय, पण एवढ्या लहान वयाला नाटक शिकवायचं म्हणजे नेमकं काय शिकवायचं? पाठांतर, उच्चार, हावभाव? सुरुवात कुठून करू?

रंगपट

ताई, हा प्रश्न तुम्ही वर्ष सुरू होतानाच विचारलात ते बरं केलंत. मी सोलापुरात हौशी नाटकात काम करतो आणि मुलांच्या कार्यशाळा घेतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: गॅदरिंगचं नाटक आणि नाटकाचा तास या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. गॅदरिंगच्या नाटकात आठ-दहा चुणचुणीत मुलं बोलतात, पंधराएक मुलं झाडं आणि गावकरी होतात, उरलेली सतरंजीवर बसून बघतात. नाटकाच्या तासाला पन्नासच्या पन्नास मुलं एकाच वेळी खेळली पाहिजेत. बघणारा कुणीच नको. अकरा ते तेरा वर्षांच्या मुलाला चाळीस डोळे आपल्याकडे बघतायत ही जाणीवच सगळ्यात जड जाते. पोरं मान खाली घालतात ती त्यामुळे. नाटक येत नाही असं त्यात काही नसतं.

म्हणून पहिले काही तास कुणालाही पुढे बोलवू नका. मुलं आपापल्या बाकाशीच राहू देत. "स्टॅच्यू" सगळ्यांना येतं, तिथून सुरू करा. तुम्ही टाळी वाजवली की एस.टी.त जागा न मिळालेला माणूस, दुसऱ्या टाळीला पेपर हातात पडलेला मुलगा, तिसऱ्या टाळीला मटकीला मोड आले का बघणारी आजी. जागा लागत नाही, आवाज होत नाही, शेजारच्या वर्गातून तक्रार येत नाही. आणि टाळी म्हणजे थांबायचं, हे अंगात मुरलं की पुढे वर्षभर तुम्हाला ओरडावं लागत नाही. एवढ्या मोठ्या वर्गात थांबण्याची खूण आधी बसवल्याशिवाय दुसरं काहीही करू नका.

मग वस्तूंशिवाय कामं. "तुमच्या घरात रोज दिसणारं एक काम हातात काही नसताना करून दाखवा" एवढंच सांगा. एका कार्यशाळेत सातवीची एक मुलगी, तोपर्यंत एक शब्द न बोललेली, मांडी घालून बसली. मांडीवर नसलेलं सूप घेतलं. नसलेलं पान कात्रीने कापलं, चिमटीने तंबाखू पसरली, दोन्ही हातांच्या बोटांत पान वळलं, टोक नखाने आत मुडपलं, दोरा गुंडाळून तोडला आणि विडी डावीकडे ठेवली. दुसरी घेतली. तिसरीच्या वेळी मान न वळवता डाव्या हाताने पाठीमागच्या बाळाला थोपटलं. ते बाळही तिथे नव्हतंच. तिला कुणी हावभाव शिकवले नव्हते. तिने आईला बघितलं होतं, बारकाईने. तुम्हाला शिकवायचंय ते हे बघणं. उच्चार आणि पाठांतर मागाहून येतं.

तुमच्या पूर्व भागात तर प्रत्येक गल्लीत हे सापडेल. कांड्या भरणं, मागावर धोटा बदलणं, तुटलेला धागा चालता माग थांबवून जोडणं. मुलांनी हे सगळं पाहिलेलं असतं, पण शाळेत कुणी विचारत नाही.

कुंभारवेस

रंगपट यांचं बरंचसं पटलं, पण गॅदरिंगच्या नाटकाला एवढं कमी लेखू नये. मी निवृत्त शिक्षक आहे, अनेक वर्षं मुलांची नाटकं बसवली. हुतात्मा स्मृती मंदिराच्या रंगमंचावर पहिल्यांदा उभं राहिलेलं मूल खाली उतरतं तेव्हा दुसरंच झालेलं असतं. दिवे अंगावर येतात, समोर काळोख, आणि आपलं वाक्य शेवटच्या रांगेतल्या आजोबांपर्यंत पोचवायचंय. वेळेवर येणं, दुसऱ्याचं वाक्य ऐकून घेणं, चुकलं तरी पुढे रेटून नेणं, ही शिस्त तालमीतच लागते. राज्य शासनाच्या बालनाट्य स्पर्धेमुळे किती शाळांत नाटक टिकलं, तेही बघा. स्पर्धा नसती तर बऱ्याच ठिकाणी नाटकाला एक तासही मिळाला नसता.

आपल्या गावाला ही परंपरा आहे. गायिका-अभिनेत्री फैय्याज सोलापूरच्या. अभिनेते अतुल कुलकर्णी इथल्या 'नाट्य आराधना' या संस्थेत काम करत होते, मग राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले. रंगमंचाची ओढ कोवळ्या वयातच लागते. ती लागायला रंगमंच दिसायला हवा.

रंगपट

सर, तुमचा मुद्दा मानतो. रंगमंच हवाच. माझं म्हणणं क्रमाचं आहे. जून ते दिवाळी सगळ्यांनी खेळायचं, त्या खेळातून जे सापडेल त्यातलं एखादं गॅदरिंगला न्यायचं. मग मुख्याध्यापकांना नाटक मिळतं आणि ते मुलांचं स्वतःचं असतं. वाक्यं त्यांनीच तयार केलेली असली की पाठांतराचा प्रश्न पुष्कळसा सुटतो.

आणि नुसतं खेळणं म्हणजे वेळ घालवणं, असा समज होऊ नये म्हणून एक सांगतो. शिक्षणात नाटक या विषयातलं मोठं नाव म्हणजे इंग्लंडच्या डॉरोथी हीथकोट (१९२६–२०११). चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि त्या लोकरीच्या गिरणीत मागावर कामाला लागल्या. नाटकाच्या शाळेत प्रवेश मिळाला तेव्हा त्यांची फी गिरणीच्या मालकाने भरली. पुढे त्या विद्यापीठात शिक्षकांना शिकवू लागल्या. त्यांची एक पद्धत तुमच्या फार कामाची आहे: शिक्षकाने स्वतः भूमिकेत शिरायचं. दिग्दर्शक होऊन बाहेरून सूचना द्यायच्या नाहीत, गोष्टीतलंच एक माणूस व्हायचं, आणि तेही शक्यतो ज्याला मदत हवी आहे असं. तुम्ही खांद्यावर टॉवेल टाकून "माझ्या मुलाला शाळेत घालायचंय, पण मला फॉर्म वाचता येत नाही" म्हणत वर्गात आलात, की पन्नास मुलं एकदम मोठी होतात. ज्याला काही येत नाही त्याला समजावून सांगताना बुजरं मूलही बोलतं. टॉवेल खांद्यावरून काढला की तुम्ही पुन्हा बाई. एवढी स्पष्ट खूण मात्र हवी, नाहीतर या वयाची मुलं गोंधळतात.

नई_जिंदगी

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे भाषेच्या प्रश्नावर बोलते. ताई, तुमची मुलं मराठीत गप्प होतात कारण मराठीत चुकलं की वर्ग हसतो. आधी कुठलीच खरी भाषा नसलेला खेळ घ्या. दोघं जण, एक भाजीवाला, एक गिऱ्हाईक, आणि बोलायचं नुसतं अगडमबगडम. "तिक्का पुस्सू लामा?" "हंबा! हंबा चिकू!" अर्थ चेहऱ्यातून, हातातून, आवाजाच्या चढउतारातून कळला पाहिजे. यात कुणाचं व्याकरण चुकत नाही. सगळे एका पातळीवर येतात.

मग तोच प्रसंग घरच्या भाषेत करायला सांगा. तेलुगू, कन्नड, दखनी, जे असेल ते. बघणाऱ्यांना काय कळलं ते मराठीत सांगू दे. तिसऱ्या वेळी प्रसंग मराठीत. तोपर्यंत मुलाला काय म्हणायचंय हे पक्कं झालेलं असतं, फक्त शब्द शोधायचे उरतात. आणि मराठीसुद्धा इथलीच चालू द्या. "काय करायलास बे" म्हणणाऱ्या मित्राला नाटकात "काय करतो आहेस" म्हणायला लावलं की तो लगेच लाकडासारखा उभा राहतो. पात्र जसं बोलेल तसं बोलू द्या. सूत्रधाराला किंवा न्यायाधीशाला प्रमाण भाषा द्या. म्हणजे कुठे कसं बोलायचं हेही मुलं आपोआप शिकतात.

मुलगे-मुलींच्या अंतराबद्दल: हात धरायला लावूच नका. आमच्याकडे एक जुनी सोलापुरी चादर आहे. गटाने तिची टोकं धरायची आणि तिची नदी करायची, तंबू करायचा, वादळातली होडी करायची. चादर खाली न पडू देणं हे सगळ्यांचं काम झालं की कोण कुणाच्या शेजारी आहे हे मुलं विसरतात. सहावीत हे लवकर जमतं, आठवीत वेळ लागतो.

गिरणगाव_सोलापूर

ताई इतिहासही शिकवतात असं वाचलं म्हणून लिहितोय. आपल्या गावाचा १९३० चा मार्शल लॉ यासाठी अगदी योग्य विषय आहे. पण बहुतेक शाळांत तो कसा करतात? चार मुलं, गळ्यात दोरी, मागे देशभक्तीपर गाणं. कृपया असं करू नका. फाशी खेळून दाखवली की एक तर मुलं हसतात, नाहीतर एखादं मूल फार घाबरतं, आणि समजत तर काहीच नाही.

मी असं करतो. आधी थोडक्यात माहिती: मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली, सोलापुरात गिरणी कामगारांनी हरताळ पाळला, गोळीबार झाला, शहर पेटलं आणि सरकारने मार्शल लॉ पुकारला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी झाली. चार पुतळ्यांपाशी मुलं रोज रिक्षातून उतरतात. पुतळे कुणाचे हे बऱ्याच जणांना सांगता येत नाही.

मग वर्गाचे सहा-सात जणांचे गट. प्रत्येक गट म्हणजे गिरणी कामगारांच्या चाळीतलं एक घर. कोण कोण आहे ते मुलांनी ठरवायचं: गिरणीत जाणारा बाप, आजारी आजी, पेठेत दुकान असलेले काका, तुमच्याएवढी मुलगी. पहिलं स्थिरचित्र (स्टॅच्यूसारखं थांबलेलं दृश्य), हरताळाच्या आधीची संध्याकाळ. दुसरं, बाहेर बूट वाजतायत आणि घरातलं एक माणूस अजून परतलं नाही. दोन चित्रांच्या मध्ये मी फिरतो आणि एकेकाच्या खांद्यावर हात ठेवतो. ज्याच्या खांद्यावर हात, त्याने मनातलं एक वाक्य मोठ्याने बोलायचं. एका मुलाने म्हटलं होतं, "हरताळ केला तर पगार कापणार, नाही केला तर शेजारी बोलणार नाहीत." पाठ्यपुस्तकातून हे कधीच बाहेर आलं नसतं. सैनिक, गोळीबार, तुरुंग यातलं काहीही दाखवायचं नाही. ते घराच्या भिंतीबाहेर ठेवायचं. शेवटी प्रत्येकाने त्या घरातल्या माणसाचं चार ओळींचं पत्र लिहायचं. मराठीच्या वहीत ते लेखन म्हणून चालतं, म्हणजे वेगळा वेळही जात नाही.

होटगी_रोड

मी शिक्षक नाही, पालक आहे. माझा मुलगा सहावीत आहे आणि बोलताना अडखळतो. नाटकाचा तास असं ऐकूनच त्याच्या पोटात दुखायला लागतं. अशा मुलांचं काय करता तुम्ही? सगळ्यांना मंचावर ढकललंच पाहिजे का?

नई_जिंदगी

दादा, अजिबात ढकलू नये. माझ्या वर्गात नियम आहे: कुणालाही "मी बघतो" म्हणायची मुभा आहे आणि त्याबद्दल कुणी टोकायचं नाही. बहुतेक मुलं दोन-तीन तास बघतात आणि मग आपण होऊन आत येतात. तुमच्या मुलासाठी आणखी एक. अडखळणारी पुष्कळ मुलं सगळ्यांबरोबर एका सुरात बोलताना अडखळत नाहीत, हे सर्वांना माहीत असलेलं आहे. म्हणून गटाने म्हणायच्या ओळी, कोरस, ताल धरून म्हणायचं काही असं त्याला आधी द्यायला बाईंना सांगा. वाक्य पूर्ण करायला मध्येच कुणी मदत करायची नाही, थांबायचं, हेही वर्गाला सांगून ठेवायला हवं. तुम्ही एकदा जाऊन बाईंशी बोला, मुलासमोर नको.

होटगी_रोड

मनापासून आभार मॅडम. या आठवड्यात भेटतो.

रंगपट

आठवीच्या मुलांबद्दल जोडतो. आवाज फुटायच्या वयात मुलगे गप्प होतात. त्यांच्यावर उंच पट्टीतली, ओरडायची वाक्यं लादू नका, घसा धरतो. त्यांना आवाजांचं काम द्या. मार्चपासून सकाळची शाळा सुरू होते, दहाच्या पुढे पत्र्याखालचा वर्ग भाजून निघतो, तेव्हा धावपळीचे खेळ होत नाहीत. त्या दिवसांत श्रुतिका करावी. डोळे मिटून बसायचं आणि फक्त आवाजातून जागा उभी करायची. बाकावर दोन तळवे आळीपाळीने, मध्ये पट्टीचा टक्, मागे तोंडाने घरघर: पॉवरलूमचा कारखाना तयार होतो. मग त्यात एक मालक येतो, एक कामगार सुट्टी मागतो, माग बंद पडतो. माग बंद पडल्यावर वर्गात जी शांतता होते त्यात पहिलं वाक्य कुणी बोलायचं हे मुलांना बरोब्बर कळतं. मोबाईलवर ध्वनिमुद्रण करून लगेच ऐकवा. स्वतःचा आवाज ऐकून मुलं न सांगता शब्द स्पष्ट म्हणायला लागतात.

कुंभारवेस

हे फार चांगलं सांगितलंत. आकाशवाणी सोलापूरवरच्या श्रुतिका ऐकत आमची पिढी वाढली. मुलांना हा प्रकारच आता माहीत नाही.

सातवी_ब

सगळ्यांचे खूप आभार. स्टॅच्यू आणि घरातलं काम हे दोन्ही घेतलं. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने मागावरचं काम दाखवलं आणि कुणीतरी म्हणालं, "त्याने माग बंद न करताच हात घातला, बोट जाईल!" त्यावरून वर्गात अशी चर्चा झाली की तास संपल्याचं कळलं नाही. अगडमबगडम तर मुलं मधल्या सुट्टीतही बोलतायत.

आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, गुण कसे द्यायचे? दुसरी जरा नाजूक. गटांना "शाळेतला प्रसंग" दिला तर दोन गटांनी एका मुलाला चिडवण्याचा प्रसंग केला, आणि ज्याला वर्गात खरोखर चिडवतात तो तिथेच बसला होता. मी तास तिथेच थांबवून वेगळा खेळ घेतला. पण विषय सोडून द्यावासा वाटत नाही.

गिरणगाव_सोलापूर

गुणांचं सोपं आहे. कलेला आकारिक मूल्यमापन (परीक्षेऐवजी वर्षभर बघून केलेलं) असतं, त्यामुळे अभिनयाला दहापैकी किती असा हिशेब करायचं कारण नाही. वर्णनात्मक नोंदी ठेवा. "गटात दुसऱ्याची कल्पना स्वीकारतो", "निरीक्षणातले बारकावे दाखवते", "संकेत मिळताच थांबतो" अशा. प्रत्येक तासाला सहा-सात मुलांकडेच नीट बघायचं ठरवा, दोन महिन्यांत सगळा वर्ग होतो. मुख्याध्यापकांना पटवायचं असेल तर एनसीईआरटीचं सहावीचं नवं कलेचं पुस्तक दाखवा. २०२४ मध्ये आलं. चित्र, संगीत, नृत्य यांच्या बरोबरीने त्यात नाट्याला वेगळा भाग दिलाय.

रंगपट

तुम्ही थांबवलंत ते योग्यच केलंत. विषय मात्र सोडू नका, फक्त तो या वर्गापासून लांब न्या. ब्राझीलचे रंगकर्मी ऑगस्तो बोआल यांनी यासाठी एक प्रकार रूढ केला. अन्याय होतो तो प्रसंग एकदा पूर्ण करून दाखवायचा. मग पुन्हा सुरू करायचा, आणि बघणाऱ्यांपैकी कुणालाही वाटलं की इथे वेगळं करता आलं असतं, तर त्याने "थांबा" म्हणायचं, पुढे यायचं, पात्राची जागा घ्यायची आणि करून बघायचं. तोंडी सल्ला द्यायचा नाही, करूनच दाखवायचं.

तुमच्या वर्गासाठी तीन गोष्टी सांभाळा. प्रसंग शाळेचा नको. गड्ड्याच्या यात्रेत पाळण्याच्या रांगेत एका नवख्या मुलाला मोठी पोरं मागे ढकलतायत, असा काही घ्या. नावं वर्गात नसलेलीच. दुसरं, त्रास देणाऱ्याची जागा कुणी घ्यायची नाही. जागा घ्यायची ती त्रास सोसणाऱ्याची किंवा, त्याहून चांगलं, नुसतं बघत उभ्या असलेल्या मुलांपैकी एकाची. वर्गात सगळ्यात जास्त संख्या त्या बघणाऱ्यांचीच असते आणि काय करावं हे त्यांनाच सुचत नसतं. कुणी पाळणेवाल्या काकांना हाक मारेल, कुणी त्या मुलाला "ए, इकडे ये, तुझी जागा धरलीय" म्हणेल. हे दुसरं मुलांना फार लवकर सुचतं. तिसरं, मारामारी करून प्रश्न सोडवायला लागले तर टाळी, स्टॅच्यू, आणि पुन्हा पहिल्यापासून.

आणि त्या मुलाशी आधी एकट्याने बोलून घ्या. त्या दिवशी त्याला ध्वनिमुद्रणाचं किंवा टाळी देण्याचं काम हवंय का, की खेळायचंय, ते त्यालाच ठरवू द्या.

नई_जिंदगी

एक राहिलं. या तासाचा व्हिडिओ शाळेच्या किंवा पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, कुणी मागितला तरी. वर्गाला तसं आधीच सांगा.

सातवी_ब

हो, ते सांगते. यात्रेची रांग घेते पुढच्या शनिवारी, मैदान त्या दिवशी दुसऱ्या तासाला मोकळं आहे. चादर घरून आणते.